साळूचं तोंड

"ह्या बायकांना तोंडं का न्हाईत?"

बाजारात बसलो की हा प्रश्न ठरलेला. पोरंटोरं विचारायची आणि खिदळत पळून जायची. ही मात्र पळाली नाही. लग्नाच्या वयाची मुलगी, काखेत रिकामी पाटी, आणि मी रंगवलेल्या बिनतोंडाच्या बायांपुढं पाय रोवून उभी.

"तोंड गिऱ्हाइकाचं, लुगडं माझं," मी ठेवणीतलं वाक्य फेकलं. "सांग, कुणाचं लावू? तुझं लावू?"

"माझ्या आईचं."

"मग घेऊन ये आईला."

"आई न्हाई. मी दीड वर्साची हुते तवा गेली."

"मग फोटो आण."

"फोटो असता तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

चांगलीच फटकळ होती. मला हसू आलं आणि थोडा रागही आला. त्या काळात माझा तोरा काही वेगळाच होता हो! आत्माराम पेंटर म्हटलं की कऱ्हाडपासून घाटापर्यंतच्या वाड्यावस्त्यांत माणसं ओळखायची. शाळा नाही, गुरू नाही. आधी बैलांची शिंगं रंगवली, मग छकड्यांच्या फळ्या, मग दुकानांच्या पाट्या, आणि तिथून उडी मारली ती थेट माणसांच्या तोंडावर. पावसाळ्यात घरी बसून धड रंगवून ठेवायचो. खुर्चीत बसलेली बाई, अंगावर जरीचं लुगडं, मागं पडदा, शेजारी फुलदाणी. तोंडाच्या जागी नुसती कोरी लंबगोल जागा. पाऊस सरला की त्या गुंडाळ्या काखोटीला मारून गावोगाव हिंडायचं आणि मागणी येईल तसं तोंड भरायचं. जिवंतपणी कुणी काढून घेत नसे. माणूस गेलं की घरच्यांना त्याच्या तोंडाची आठवण व्हायची. मग ते सांगायचे, नाक अमक्यासारखं, डोळे तमक्यासारखे, आणि मी गावातली तेवढी माणसं बघून यायचो. शेवटी घरचे म्हणायचे, व्हय, व्हय, हेच आमचं माणूस! कुणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

पोरीचं नाव मालन. तांबेवाडीच्या केरबा चौगुल्याची एकुलती एक लेक. वाटेनं चालताना तिनं सगळं सांगून टाकलं. लग्न तोंडावर आलं होतं. तिनं बापाला बजावलं होतं, मांडवाच्या दारात आईची तसबीर लागली तरच मुंडावळ्या बांधून घेईन, नाहीतर तुमची तुम्ही वरात काढा.

"एवढा हट्ट?" मी म्हटलं.

"आवं काका, समद्यांना आई कशी दिसती ते ठावं असतं. मला कुनी सांगतच न्हाई. उद्या सासरी कुनी विचारलं, आई कुनासारखी हुती गं तुझी, तर काय सांगू? एकदा तोंड तरी बघू द्या की मला तिचं."

एवढंच तिचं मागणं होतं. मला वाटलं, हे तर आपल्या डाव्या हातचं काम.

केरबा ओट्यावर बैलाचं दावं वळत बसला होता. सरळ, बुजरा माणूस. बायको गेल्यावर त्यानं दुसरी केली नव्हती. मी चटई टाकली, कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि विचारलं, "हं केरबाभाऊ, चेहरा कसा? गोल का उभट?"

केरबा दावं वळतच राहिला.

"नाक? बसकं, धारदार?"

"चांगलं हुतं की," केरबा म्हणाला.

"अहो, चांगलं सगळ्यांचंच असतं. डोळे तरी?"

त्यानं दाव्याचा पीळ उलगडला, परत घातला. मग खाली मान घालून म्हणाला, "पेंटर, खरं सांगू? मला न्हाई आठवत."

"बायकोचं तोंड आठवत नाही?" मी जरा मोठ्यानंच बोललो. मालन दारात उभी होती.

"आठवायला बगाय तर पायजे. आमच्या घरात दिवसा कधी आमी बोललोच न्हाई. ती आईच्या म्होरं पदर वढून. मी मळ्यात. जेवायला बसलो की दाराआडनं तिचा हात यायचा, भाकरी घिऊन. तेवढा हात मातुर ध्यानात हाय बगा." त्यानं स्वतःचा हात पुढं केला. "करंगळी अशी जरा वाकडी. मनगटावर गोंदलेलं तुळशीचं झाड. त्येच्या एका फांदीला पानंच न्हवती. हात काढाल तिचा?"

आता आली का पंचाईत! माझं सगळं जमायचं, पण हात जमायचे नाहीत. बोटं काढली की मुळ्याच दिसायच्या. म्हणून माझ्या सगळ्या बायांचे हात पदराखाली, नाहीतर फुलांच्या आड. मी विषय झटकला.

"हाताला कोण बघतंय? पण धन्य आहे तुमची, केरबाभाऊ. स्वतःच्या बायकोचं तोंड ठाऊक नाही म्हणजे..."

"तुमाला हाय ठावं? तुमच्या मंडळींचं?"

"म्हणजे काय! डोळे मिटून काढीन," मी म्हणालो आणि घाईघाईनं कागदाकडं वळलो.

आत चुलीपाशी केरबाची आई बसली होती. भागूबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, सावलीएवढंच दिसायचं. मी तिकडं तोंड करतोय तोवर तिचाच आवाज आला.

"मला काय इचारू नगंस रं रंगाऱ्या. माजं डोळं गेलं, डोस्कं गेलं. कायबी आठवत न्हाई."

"बरं, पोरीच्या आजोळी कुणी असेल की. तिचे मामा?"

मालननंच सांगितलं, "मामा येत न्हाई. आईला दुसऱ्या बाळंतपनाला न्यायला तो गाडी जुपून आला हुता. आमी पाठवली न्हाई. लावणीचं दिवस हुतं म्हनं. म्होरं ती हितंच गेली, बाळासंगट. पूर आला हुता, निरोप पोचस्तवर समदं उरकलं हुतं. मामाला तोंडबी बगाय मिळालं न्हाई. तवापासनं त्येनं हे दार बघितलं न्हाई."

"पुरं झालं, मालन," केरबा म्हणाला.

मी ठरवलं, लेकीत आई निम्मी तरी असणारच. मालनला उजेडात बसवलं आणि तिच्यावर बेतून तोंड काढलं. जरा थोराड केलं, कपाळावर मोठं कुंकू, नाकात नथ. माझ्या मते झकास उतरलं होतं. मालननं पाहिलं, कडेनं पाहिलं, लांब जाऊन पाहिलं.

"काका, ही मीच हाय."

"अगं, लेक आईसारखीच..."

"ह्यापरीस आरसा लावला असता मांडवात," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. माझा असा पाणउतारा आजवर कुणी केला नव्हता. मी कुंचला धुवायला घेतला. म्हटलं, तसबीर गुंडाळावी आणि सटकावं.

तेवढ्यात चुलीपाशी हालचाल झाली. म्हातारी भिंतीला धरत धरत बाहेर आली.

"कपाळ केवढं काढलंया त्येनं?" तिनं मालनला विचारलं.

"माझ्याएवढं," मालन नाक पुसत म्हणाली.

"मग न्हाई. साळूचं कपाळ बारीक हुतं. केस पार खाली आलेलं." म्हातारी तिथंच बसली. "हिकडं ये. बस म्होरं माज्या."

तिनं मालनचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बोटं फिरवायला लागली. मी पटकन कागद ओढला.

"हितनं निमुळती कर. गाल तिला न्हवतंच. नाक हेच, पन श्येंडा जरा वर. कान मोठं. खालचा ओठ जाड, काम करताना दातात धरायची. वरचा एक दात आडवा आल्याला, म्हनून हासताना तोंडाला पदर लावायची. मला वाटायचं, मलाच हासती."

मी भराभर रेघा मारत होतो. अहो, काय सांगू, आयुष्यात असा सांगणारा मला भेटला नव्हता! म्हातारी बोट टेकवायची, इथं खड्डा, इथं उंचवटा, आणि कागदावर एक निराळीच पोर वर येत होती. मालन हसायला लागली होती. केरबा दावं हातात घेऊन उंबऱ्यावर येऊन उभा राहिला.

"आजी, एवढं कसं गं ध्यानात तुझ्या?" मालननं विचारलं. "म्हणलीस की आठवत न्हाई."

"दिवसभर तिच्याच तोंडाकडं बगत हुते की मी," म्हातारी म्हणाली. "कुठं चुकती, कवा चुकती, हे हुडकायला. नवऱ्यानं बगितलं नसंल एवढं म्या बगितलं तिला."

मालनचं हसू जरा कमी झालं. म्हातारीची बोटं भिवईवर आली. डाव्या भिवईवर आली आणि थांबली.

"इथं काय?" मी विचारलं.

"काय न्हाई. म्होरं घे."

"नाही आजी, इथं काहीतरी आहे. सांगा. तीळ? व्रण? अहो, त्या खुणेवरच सगळा चेहरा उभा राहतो." धंद्याची अक्कल पाजळायची हौस मला फार होती. गप्प बसायला काय झालं होतं?

म्हातारीनं हात मागं घेतला नाही. "डाग हुता," ती म्हणाली.

"कसला?"

"उलथन्याचा."

मालन हलली नाही. उंबऱ्यावरून केरबा बोलला, "ते तर ती चुलीपशी तोल जाऊन पडली हुती, आई. तूच सांगितलंस की मला."

"व्हय. म्या सांगितलं आन तू ऐकलंस. परत तिला इचारलंस?"

केरबा हातातलं दावं उलगडायला लागला.

"भाकरी करपली हुती," म्हातारी म्हणाली. "एक भाकरी. तापलेलं उलथनं हातातच हुतं माज्या."

मालननं तिचे हात आपल्या तोंडावरून हळूच काढले, तिच्याच मांडीवर ठेवले आणि उठून घागर घेऊन पाण्याला निघून गेली. घागर भरलेली होती, ती रिकामी करून गेली.

दुपारी कुणी जेवलं नाही. म्हातारीनं ताट लोटून दिलं. केरबा मला गोठ्यामागं घेऊन गेला. त्याला माझ्याकडं बघवत नव्हतं.

"पेंटर, तेवढं नगा काढू. वऱ्हाडी माणसं येणार, मामाबी येईल. आईनंच सांगितलंया, तू सोता जाऊन दौलतीला आवतन दे म्हनून. लोक इचारतील, हे काय, तर मी काय सांगू?"

"त्यात काय अवघड आहे?" मी म्हटलं. "डोईवरचा पदर बोटभर खाली ओढतो की झालं. आमचा हातखंडा आहे तो. एकाचा फुटका डोळा मी फेट्याखाली घातलाय."

केरबाच्या जिवात जीव आला. आम्ही घरात आलो. मी पदर ओढायला कुंचला भिजवला, तर भिंतीकडून म्हातारी बोलली. गोठ्यामागचं तिला कसं ऐकू गेलं कोण जाणे.

"वढू नगंस पदर. जल्मभर तेवढंच केलं तिनं. पदर वढून फिरली."

"आई, लोक..." केरबा म्हणाला.

"लोकास्नी मी सांगीन."

"आणि पोरीच्या सासरची मंडळी? त्यांना काय वाटंल? लगीन मोडलं तर?"

मी दोघांच्या मधे कुंचला धरून बसलो होतो. मालन दारात कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. कडेवर भरलेली घागर, डोळे सुजलेले. तिनं आजीला विचारलं, "रडली हुती का गं ती?"

"न्हाई," म्हातारी म्हणाली. "भाकरी थापत हुती, थापतच ऱ्हायली."

मालननं घागर उतरवली. माझ्याकडं वळून म्हणाली, "हुती तशी काढा, काका. माझी आई हाय. मला लपवलेली नगं."

मग मी काढायला बसलो. खरं सांगतो, माझी ती जरीच्या लुगड्यातली बाई मला लाज आणायला लागली. भरल्या अंगाची, खुर्चीत ऐसपैस बसलेली, चांगली चाळिशीची. तिच्यावर हे तोंड ठेवलं तर बसेचना. मी म्हातारीला विचारलं, "आजी, वय काय होतं हो तिचं?"

"आठरा असंल. न्हाईतर एकुणीस."

केरबानं मान वर केली. इतकी वर्षं त्या घरात साळू म्हणजे आई, वडीलधारी, मेलेली बाई. ती पोर होती हे तेही विसरले होते. मी ते धड रंग फासून बुजवलं, जरीचे काठ बुजवले, खुर्ची बुजवली, आणि साधं हिरवं लुगडं नेसवून उभी केली. डाव्या भिवईवर उलथन्याच्या कडेएवढी वाकडी तांबूस खूण काढली. त्या एका खुणेला मला जेवढा वेळ लागला तेवढा नथीलाही कधी लागला नव्हता.

केरबा मागं उभा होता. चाचरत म्हणाला, "हात..."

नाही म्हणवेना. मी काढला. करंगळी वाकडी, मनगटावर तुळस, एक फांदी बिनपानाची. हात लाकडी झाला होता, त्यात बोटं एकमेकांना चिकटलेली. मी पुसायला गेलो तर केरबानं माझं मनगट धरलं.

"असू द्या. असाच हुता."

असा नव्हताच तो. कुणाचाच नसतो. पण तो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता, मग मी काय बोलणार?

डोळे मी नेहमी शेवटी काढतो. ते झाल्यावर मालनला हाक मारली. ती आली, समोर बसली. मी नेहमीच्या 'व्हय, व्हय'ची वाट बघत होतो. तिनं तसं काहीच म्हटलं नाही. म्हणाली, "एवढीशी हुती व्हय? माझ्याच वयाची? बाहुल्या खेळायला आली असती की माझ्यासंगं."

म्हातारीनं कोपऱ्यातून विचारलं, "आली का गं साळू?"

"आली," मालन म्हणाली. त्यापुढं लग्नापर्यंत आजीशी ती एवढंच बोलली.

लग्नापर्यंत मी थांबलो. सांगायचं कारण रंग वाळायचा होता, खरं कारण चार माणसांनी वा म्हणावं ही हाव. तसबीर मांडवाच्या दारात लावली, हार घातला. वऱ्हाड आलं. बायका थबकायच्या, बघायच्या, कुजबुजायच्या, पुढं सरकायच्या. म्हातारी तसबिरीखाली खांबाला टेकून बसली होती. तिथून तिनं हलायचं नाव घेतलं नाही. मला वाटलं, हिला दिसत तर नाही, मग कशाला बसली आहे?

मुहूर्त जवळ आला तसा केरबा रस्त्याकडं बघायला लागला. तो स्वतः जाऊन पाया पडून आला होता. दौलतीनं येतो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. भटजींनी दोनदा विचारलं, "मुलीचे मामा आहेत ना?" तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला. बैलगाडी मांडवाशी थांबली. धिप्पाड माणूस, मिशा पांढऱ्या होत आलेल्या, खांद्यावर कोरं घोंगडं. उतरून सरळ आत निघाला आणि तसबिरीपुढं खिळून उभा राहिला.

त्याचे ओठ हलत होते. मग त्यानं बोट वर केलं.

"हे काय? आमच्या घरनं गेली तवा हे न्हवतं."

केरबा पुढं झाला, पण त्याच्या आधी खालून आवाज आला.

"माज्या हातचं हाय ते, दौलती."

दौलतीनं खाली बघितलं. तेव्हा त्याला ती दिसली.

"उलथन्यानं डागलं म्या तिला," म्हातारी म्हणाली. चांगली मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तू गाडी घिऊन आलास तवा ती आतच हुती. चुलीपशी. मळ्यात गेली म्हनून खोटं सांगितलं तुला. जखम वली हुती रं. तुज्या नजरंला पडंल म्हनून पाठवली न्हाई. म्हनलं, खपली पडू दे, मग धाडू."

"लावणीसाठी म्हणाली हुतीस," केरबाचा आवाज कसनुसा झाला. "आई, लावणीसाठी म्हणाली हुतीस मला!"

"खपली पडली," म्हातारी म्हणाली. "तवर पूर आला."

मी तिथं मांडवाच्या कडेला उभा होतो. वा म्हणून घ्यायला थांबलेला मी, आणि मीच काढलेली खूण मला बघवेना.

दौलतीच्या हाताच्या मुठी वळलेल्या. मला वाटलं, आता हा म्हातारीला उचलून आपटतो. ती हलली नाही, तोंड वर करून बसून राहिली, जणू त्याचीच वाट बघत. दौलती तिच्याकडं बघत राहिला, मग केरबाकडं. "आणि तू रं?" एवढंच म्हणाला. केरबानं नुसते हात जोडले.

मागून भटजींचा आवाज आला. त्यांना बिचाऱ्यांना आतलं काही ठाऊक नव्हतं. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

कुणी हलेना. वरमाई माझ्या शेजारीच होती, मालनची होणारी सासू. ती तसबिरीकडं बघत होती आणि तिचा हात नकळत स्वतःच्या भिवईवर गेला होता. ती दौलतीला म्हणाली, "दादा, घेऊन या पोरीला. आमाला लेक पायजे."

दौलतीनं डोळे पुसले, घोंगडं सारखं केलं आणि आत गेला. मालनला घेऊन बोहल्याकडं चालत आला. तिनं त्याचा दंड घट्ट धरला होता. अक्षता पडल्या.

दौलती पंगतीला बसला नाही. त्या घरचं पाणीसुद्धा त्यानं घेतलं नाही. वरात निघायच्या आधी तो तसबिरीपाशी गेला आणि केरबाला म्हणाला, "मी हिला न्यायला आलो हुतो. आता नेतो."

केरबानं मालनकडं बघितलं. एवढ्या हट्टानं तिनं ते तोंड मिळवलं होतं, आणि पुरतं डोळे भरून बघितलंही नव्हतं. मला वाटलं, ही आता रडून आकांत करणार. तिनं स्वतः तसबीर उतरवली, पदरानं कडा पुसल्या.

"न्या मामा," ती म्हणाली. "तिचं माहेरपन ऱ्हायलंय. मी दिवाळीला येते तुमच्याकडं, तवा बगीन."

म्हातारीला कळलं काय चाललंय ते. तिनं हात पुढं केला. मालन थांबली. मग तिनं तसबीर तिच्यासमोर धरली आणि आजीचा हात धरून डाव्या भिवईवर टेकवला. म्हातारीनं तिथं बोट ठेवलं. रंग अजून थोडा ओला होता. गाडी दूर गेली तरी ती बोटाचा तांबडा रंग अंगठ्यानं चोळत बसली होती.

मी पुढच्या गावाला जायचा होतो, गेलो नाही. घरी आलो. माझी बायको बना अंगणात पीठ चाळत होती. वाटेत एका वडाखाली बसून मी तिचं तोंड काढून पाहिलं होतं, केरबापुढं बढाई मारली होती ना. नाक काढलं, पुसलं. डोळे काढले, पुसले. कागद काळा झाला, तरी बना काही येईना.

"बना, जरा उजेडात बस," मी म्हटलं.

"का? मी मेले का काय?"

"बस तर."

ती बसली. मी बघत राहिलो. लग्नाला किती वर्षं झाली होती, आणि मी वर्षातले आठ महिने लोकांची मेलेली माणसं काढत हिंडलेला. तिच्या हनुवटीखाली एक पांढुरकी रेघ होती. चांगली जुनी.

"हे कशानं गं?"

चाळणी थांबली. ती माझ्याकडं बघायला लागली. हसली नाही, रागावलीही नाही.

"आत्ता दिसलं व्हय?" ती म्हणाली. "सांगते. पन लांबलचक हाय. बसताय का?"

मी काखोटीची गुंडाळी खाली ठेवली आणि तिच्यासमोर बसलो.